पावसाळी आभाळ, घरातील रोपे आणि एलईडी दिवे: आधी उंची, मग किंमत

आषाढ-श्रावणात कोकणात, घाटमाथ्यावर आणि मुंबई-पुण्याकडे कित्येकदा आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. स्वच्छ आकाश असताना दुपारी उघड्यावर एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजण्याचे एकक) आसपास असलेला प्रकाश दाट आभाळात दहा-वीस हजारांवर येतो आणि खिडकीपासून चार-पाच फूट आत तो पुष्कळदा पाचशे लक्सही भरत नाही. अशा खोलीत ठेवलेले मायक्रोग्रीनचे, म्हणजे कोवळेपणीच कापून खायच्या भाज्यांचे, ट्रे, गच्चीवरील बागेसाठी तयार होणारी टोमॅटो-मिरचीची रोपे आणि लेट्यूससारख्या पालेभाज्या यांना या दिवसांत दिवा द्यावाच लागतो. तो कोणता घ्यावा, हे पुढे सांगितले आहे. परंतु त्याआधी एक गोष्ट ठासून सांगणे आवश्यक आहे. दर पावसाळ्यात वाया गेलेले जे ट्रे पाहण्यात येतात, त्यांपैकी बहुतेकांवर दिवा होता आणि तो चांगलाही होता. तो फक्त फार उंच टांगलेला होता व एकदा टांगल्यानंतर त्याच्या साखळीला कोणी हात लावला नव्हता.

बी उगवून वर येताना कोवळ्या दांड्याला प्रकाश कमी पडला, तर तो एका दिवसात भराभर ताणला जातो आणि ताणलेला दांडा पुन्हा आखूड होत नाही. म्हणून पहिले कोंब दिसण्याची वाट न पाहता, बी फुगून माती उचलू लागताच दिवा सुरू करून खाली आणावा. मुळा आणि मोहरी दोन-तीन दिवसांत, टोमॅटो साधारण पाच-सात दिवसांत, तर मिरची त्याहून उशिरा उगवते. त्यामुळे एकाच दिव्याखाली या सर्वांचे ट्रे मांडल्यास कोणत्या तरी एकाचे नुकसान ठरलेलेच असते. लांब, पांढुरक्या दांड्याची रोपे दमट हवेत एकमेकांवर लोळतात, खालची माती वाळत नाही आणि मग रोपे कोलमडण्याचा रोग एका कोपऱ्यातून सुरू होऊन दोन दिवसांत अर्धा ट्रे झोपवतो. त्या वेळी दुकानदार टॉनिकची बाटली पुढे करतो. लांबलेल्या रोपाला टॉनिक किंवा युरिया देणे म्हणजे ते आणखी लांबवणे होय; तो खर्च करू नये.

उंचीचे माप असे ठेवावे. साधी एलईडी ट्यूब, म्हणजे बॅटन, रोपांच्या शेंड्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर असावी. होल्डरमध्ये बसणारा 9 ते 15 वॅटचा बल्ब 20 ते 30 सेंटिमीटरवर आणि 100 वॅटच्या आसपासचा बोर्ड दिवा, म्हणजे सपाट पाटीवर अनेक एलईडी बसवलेला दिवा, कोवळ्या रोपांसाठी 45 ते 60 सेंटिमीटरवर ठेवावा. एकट्या बल्बचे अंतर दुप्पट केले की पानावर पडणारा प्रकाश जवळजवळ चौथाईवर येतो; चार ट्यूब शेजारी-शेजारी लावल्या असतील तर घट इतकी तीव्र नसते. रोपे वाढतील तसा दिवा एक दिवसाआड वर सरकवावा. शेंड्याची पाने फिकट होऊन कडा वर वळू लागल्या, तर दिवा अतिजवळ आहे असे समजावे. मात्र आपल्याकडे ही तक्रार शंभरात एखाद्याची असते, बाकी सर्वांचा दिवा दूरच असतो.

आता दिव्यांची तुलना. खोक्यावर छापलेले लुमेन माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने काढलेले असतात आणि डोळ्याला हिरवट-पिवळा प्रकाश सर्वाधिक दिसतो. झाड 400 ते 700 नॅनोमीटरमधील प्रकाशकण वापरते. त्यांची मोजणी दर चौरस मीटरला दर सेकंदाला किती मायक्रोमोल, अशी केली जाते. मायक्रोग्रीनला 100 ते 150, रोपांना आणि लेट्यूसला सुमारे 200 मायक्रोमोल दिवसाचे 14 ते 16 तास मिळाले म्हणजे काम भागते. मनी प्लांट किंवा स्नेक प्लांटला 50 सुद्धा चालतात. मोजमापाचे यंत्र महाग असते. मोबाइलमधील लक्स मोजणारे ॲप रोपाच्या शेंड्याच्या पातळीवर धरून आलेल्या आकड्याला 70 ने भागल्यास पांढऱ्या एलईडीसाठी अंदाज पुरेसा मिळतो. म्हणजे 14,000 लक्स आले तर सुमारे 200 मायक्रोमोल.

जांभळा प्रकाश देणारा लाल-निळा पॅनेल सर्वाधिक आग्रहाने विकला जातो आणि घरासाठी तोच सर्वांत गैरसोयीचा आहे. झाड त्यावर वाढते, हे खरे. परंतु त्या प्रकाशात पाने काळपट दिसतात, पिवळेपणा कळत नाही, कोळी आणि मावा डोळ्यांसमोर असून दिसत नाहीत. बंदिस्त खोलीत कीड चार दिवस उशिरा दिसणे फार महाग पडते. पांढऱ्या प्रकाशातही झाडाला लागणारे निळे आणि लाल घटक असतात, शिवाय त्यातील हिरवा भाग वरच्या पानांतून खालच्या पानांपर्यंत पोहोचतो.

दोन फूट बाय चार फुटांच्या मांडणीच्या एका कप्प्यावर 20 वॅटच्या, सुमारे 2,000 लुमेनच्या, चार थंड पांढऱ्या बॅटन लावल्या, तर मायक्रोग्रीनसाठी त्या पुरेशा होतात आणि बिघडल्यास गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. रोपांसाठी सहा लावाव्यात. वर्षभर लेट्यूस विकणाऱ्याने मात्र पांढऱ्या एलईडीबरोबर 660 नॅनोमीटरचे लाल दिवे असलेला बोर्ड घ्यावा. एका वॅटमागे प्रति सेकंद 2.5 मायक्रोमोल किंवा अधिक देणारा बोर्ड वीजबिलात फरक पाडतो. हा आकडा विक्रेत्याने लेखी दिला नाही, तर त्या बोर्डाला जास्त पैसे मोजू नयेत. घरात दिव्याखाली टोमॅटो-मिरचीची फळे काढण्याचा खटाटोप विजेच्या दरात परवडत नाही. रोप तयार करून ते उन्हात न्यावे.

‘एक हजार वॅट’ असे छापलेला दिवा प्रत्यक्षात शंभर वॅटच घेत असल्याचे अनेकदा आढळते. त्याची तपासणी घरच्या वीजमीटरवर होते. मीटरवर एका युनिटला किती वेळा लाल दिवा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो, समजा 3,200. घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून फक्त हा दिवा चालू ठेवावा आणि दहा मिनिटांत लुकलुकणे मोजावे. शंभर वॅटला सुमारे 53 वेळा लुकलुकेल. हजार वॅटला पाचशेच्या वर. खर्चाचा हिशेबही तेव्हाच करून टाकावा: 80 वॅट, रोज 14 तास, महिन्याला साधारण 34 युनिट.

दिवा 24 तास चालू ठेवू नये. टोमॅटो आणि वांग्याची पाने अखंड प्रकाशात पिवळी पडतात, तर शेवंतीला फुलावर येण्यासाठी लांब रात्र लागते. टायमर लावावा, परंतु काट्यांचा टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढा मागे पडतो; जिथे वारंवार वीज जाते तिथे आतमध्ये बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा.

नेहमीची कामे:
- बीजप्रक्रिया: ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) 4 ते 5 ग्रॅम प्रति किलो बियाणे.
- कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकू नये.
- पाणी सकाळीच, ट्रेच्या खालून.
- पिवळे चिकट सापळे, प्रत्येक कप्प्याला एक.
- दिव्यावरील धूळ आठवड्याला पुसणे, वीज बंद करून.
- अर्थिंग आणि आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) तपासणे. जोडण्या ट्रेच्या वरच्या पातळीवर.

रोपे कोलमडू लागल्यास बाधित भाग मातीसह काढून टाकावा आणि उरलेल्या रोपांच्या मुळाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड 50 टक्के, 2.5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून ओतावे. मायक्रोग्रीनवर मात्र कोणतेही बुरशीनाशक वापरू नये. ते आठ-दहा दिवसांत पानांसह खाल्ले जातात, तेव्हा ट्रे फेकून धुऊन पुन्हा पेरावा. रोज सकाळी रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवला, तर दांडे जाड होतात, असा अनुभव आहे. लहान पंख्याची मंद झुळूकही तेच काम करते आणि पाने कोरडी ठेवते.

टोमॅटोची रोपे थोडी लांबली असतील, तर पुनर्लागवडीत बीजपर्णांपर्यंत (बीतून निघालेल्या पहिल्या दोन पानांपर्यंत) मातीत पुरावीत, दांड्याला मुळे फुटतात. मिरचीला ही सवलत फारशी मिळत नाही. आभाळ उघडल्यावर दिव्याखालची रोपे एकदम भर उन्हात काढू नयेत. पहिले दोन-तीन दिवस सकाळचे कोवळे ऊन द्यावे, नंतर आठवडाभरात हळूहळू वेळ वाढवावी आणि रात्री घरात घेतल्यावर दिव्याची साखळी पुन्हा मापून लावावी, कारण तोवर रोपे दोन बोटे वाढलेली असतात.