बंदा रुपया आणि शिवराई: घरातल्या जुन्या नाण्यांची किंमत कशी काढायची

सातारा, वाई, कराडकडच्या जुन्या घरांत दोन प्रकारची नाणी हमखास निघतात. एक, लक्ष्मीपूजनाच्या तबकातले राणीछाप-राजाछाप बंदे रुपये. दुसरी, फडताळातल्या डब्याच्या तळाशी पडलेली काळपट शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ साली साताऱ्यात झाला आणि मराठ्यांची गादी इथे आली, त्यामुळे या मुलखात शिवराईचा सुकाळ असणारच. किंमत काढताना आधी नाणं ओळखायचं, मग खरं-खोटं पाहायचं, मग त्याची अवस्था, आणि बाजारभाव सगळ्यात शेवटी. बहुतेक जण मोबाईलवर भाव पाहून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

त्याआधी एक कळकळीची विनंती: नाणं घासू नका. दिवाळीत चिंच, लिंबू, रांगोळी किंवा पितांबरी लावून नाणी लख्ख करायची आपल्याकडे रीत आहे. पण घासल्यावर पडणारे केसासारखे ओरखडे भिंगाखाली लगेच दिसतात आणि पुन्हा बुजत नाहीत. संग्राहक वर्षानुवर्षं चढलेल्या काळपट छटेसाठी जादा पैसे मोजतो. ती गेली की चांगला रुपयाही नुसत्या चांदीच्या भावावर येतो. पूजेसाठी आधीच झिजलेला एखादा रुपया वेगळा काढून ठेवा. माती चिकटली असेल तर नाणं दिवसभर साध्या पाण्यात ठेवा आणि सुती कापडाने टिपून घ्या, पुसू नका.

हाताशी ०.०१ ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा, दहापट भिंग, लोहचुंबक, शिवणाचा दोरा आणि पाण्याचा पेला असू द्या. नाणं कडेने धरा. बोटांचा घाम चांदीवर डाग पाडतो.

रुपयापासून सुरुवात करू. १८३५ ते १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के चांदीचा. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच आहे. १९४७ चा रुपया निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो, म्हणून वाघाचं चित्र असलेला १९४७ चा रुपया चिकटला तर तो खोटा समजू नका. त्याआधीचा कुठलाही रुपया चिकटला, तर तो मात्र नक्की बनावट.

वजन जुळलं म्हणून खात्री होत नाही, कारण बनावट नाणीही वजनाला जुळवतात. पाण्याची कसोटी घ्या. पेला अर्धा भरून काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असं सोडा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. १९३९ पर्यंतचा ११.६६ ग्रॅमचा खरा रुपया असेल तर काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. नाणं झिजलेलं असेल तर त्याच्या वजनाला काट्याने दाखवलेल्या आकड्याने भागा, उत्तर १०.३ च्या जवळ यायला हवं. ९ च्या घरात आलं तर चांदी कमी आहे. नाण्याला बुडबुडे चिकटले की आकडा वाढतो आणि चांगलं नाणंही खोटं ठरतं, म्हणून बुडवल्यावर दोरा हलकेच झटका.

आता तळातली, म्हणजे नुसत्या चांदीची किंमत काढू. १९३९ पर्यंतच्या पूर्ण वजनाच्या रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम भरते. सराफाकडचा किलोचा भाव १,००० ने भागून १०.६९ ने गुणा. उदाहरणादाखल किलोला १ लाख धरले तर १,०६९ रुपये झाले. कडी झाळलेली, भोक पाडलेली, दागिन्यातून सोडवलेली नाणी सहसा याच आकड्याभोवती राहतात.

याच्या वरची किंमत साल, टांकसाळ आणि अवस्थेवर ठरते. जुनं साल म्हणजे दुर्मीळ, ही समजूत सोडा. १८६२ हा आकडा असलेले रुपये पुढेही कितीतरी वर्षं तेच साल ठेवून पाडले गेले, त्यामुळे ते मुबलक आहेत. उलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया संग्राहक आवर्जून मागतात. त्याच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली आणि १९१२ पासून चित्र बदललं. १९३९ चा रुपया तर फारच विरळा, म्हणून १९३८ च्या नाण्यातला ८ कोरून ९ केलेले नग फिरतात. शेवटच्या आकड्याभोवतीची जागा भिंगाखाली खरवडलेली दिसते का, ते पाहा. अवस्था ठरवताना मुकुटाचे मणी आणि झग्यावरची नक्षी बघा. चित्राचा उंच भाग आधी झिजतो.

शिवराईत मेहनत जास्त आणि गैरसमजही जास्त. १६७४ च्या राज्याभिषेकापासून ही नाणी सुरू झाली: एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. पण नंतरच्या काळातही हीच अक्षरं ठेवून शिवराई पाडली जात होती, त्यामुळे नाव वाचलं म्हणून नाणं महाराजांच्या काळचं होत नाही. ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई उत्तरकालीन आहे, साधारण ८ ते १० ग्रॅमची, आणि ढिगाने मिळते. सुरुवातीच्या चांगल्या शिवराईचं वजन बहुधा ११ ते १३ ग्रॅम, अक्षरं नेटकी, ठिपके स्पष्ट. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने अक्षरं अर्धीच उमटतात. पूर्ण मजकूर आणि वर्तुळ दिसणाऱ्या नगाला मागणी अधिक. कडेला जोडाची रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसली तर ते साच्यात ओतलेलं नाणं, कारण खरी शिवराई हातोड्याने ठोकून पाडलेली असते. सोन्याचा होन कुणी स्वस्तात देऊ केला तर हातही लावू नका.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, राम-सीता किंवा हनुमानाची १६१६, १८१८ अशी सालं असलेली नाणी कंपनीने कधी पाडलीच नाहीत. त्यांची किंमत धातूची आणि श्रद्धेची.

बाजारभावासाठी विक्रेत्याने मागितलेला आकडा विसरा. मुंबईतल्या टोडीवाला, बंगळुरूच्या मरुधर अशा लिलावसंस्थांचे निकाल पाहता येतात. तेच साल, तीच टांकसाळ, तीच अवस्था असे मागच्या दोन-तीन वर्षांतले पाच निकाल काढा, सगळ्यात वरचा आणि खालचा सोडा, उरलेल्यांचा मध्य घ्या. त्या आकड्यात खरेदीदाराकडून घेतलेला अधिभार धरलाय का, हेही तपासा. व्यापारी रोखीने याहून कमीच देणार; त्यालाही पुढे विकायचं असतं. ‘रिझर्व्ह बँकेमार्फत लाखात विकून देतो, आधी कर भरा’ असा फोन आला तर तो ठकसेनाचा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचं गाडगं लागलं तर किंमत काढायच्या फंदात पडू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक मोलाचं गुप्तधन सापडल्यावर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. तोवर गाडगं आहे तसंच ठेवा, नाणी वाटू नका. एकत्र असलेल्या नाण्यांवरूनच ती कधी पुरली, हे अभ्यासकांना सांगता येतं.