मुंबईच्या दमट हवेत घरचे चॉकलेट कसे करावे

घरचे चॉकलेट करायचे म्हणजे कोकोच्या बिया भाजत बसायचे नाही. बाजारातला तयार स्लॅब वितळवायचा, त्यात आवडीचा खाऊ मिसळायचा आणि साच्यात पुन्हा घट्ट होऊ द्यायचा, एवढाच हा उद्योग. मुंबईत मात्र त्याला पाणी नावाचा वैरी आहे, आणि तो भांड्यात, हवेत आणि फ्रिजमध्येही दबा धरून असतो.

खरेदीसाठी क्रॉफर्ड मार्केटचा परिसर सोयीचा. स्लॅब, साचे आणि चकचकीत वेष्टने तेथे एकाच फेरीत मिळतात. स्लॅब घेताना पाकिटावरील घटकांची यादी वाचावी. ‘कंपाउंड’मध्ये कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, त्यामुळे ते नुसते वितळवून ओतले तरी नीट घट्ट होते. ‘कुव्हर्चर’मध्ये खरे कोको बटर असते, त्याची चव निर्विवाद सरस, पण त्याचे नखरे पुष्कळ. पहिल्या खेपेस कंपाउंडच घ्यावे, असे माझे मत आहे.

400 ग्रॅम स्लॅब सुरीने बारीक चिरावा. पातेल्यात दोन बोटे पाणी उकळून आच अगदी मंद करावी आणि पातेल्याच्या तोंडावर नीट बसेल असे रुंद भांडे, त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही अशा बेताने, वर ठेवून त्यात चॉकलेट हळूहळू ढवळत वितळवावे. भांडे, चमचा, साचा, सारे कोरडे ठणठणीत हवे, कारण पाण्याचे चार थेंब पडले तरी साखरेचे व कोकोचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि चॉकलेटचा गोळा होतो. पहिल्याच प्रयत्नात मी भांड्यावर झाकण ठेवण्याचे शहाणपण केले. झाकणाखाली साचलेले वाफेचे पाणी आत ठिबकले आणि पाहता पाहता चॉकलेटची नाचणीच्या उकडीसारखी अवस्था झाली. असे झाल्यास ते टाकू नये. त्यात थोडे थोडे गरम दूध घालून घोटले की आइस्क्रीमवर ओतण्याजोगा झकास सॉस होतो.

कुव्हर्चर वापरायचे असेल तर टेम्परिंग, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांपर्यंत तापवणे, निववणे आणि पुन्हा किंचित तापवणे, टळत नाही. कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकरूपांत गोठू शकते, आणि चकाकी व तोडताना येणारा ‘कट्’ आवाज त्यांपैकी एकाच रूपात मिळतो. त्यासाठी एक तृतीयांश चुरा बाजूला ठेवून उरलेले डार्क चॉकलेट 45 ते 50 अंश सेल्सियसपर्यंत तापवावे, मग बाजूचा चुरा थोडा थोडा घालत, सतत ढवळत ते 27-28 अंशांपर्यंत उतरवावे आणि पुन्हा 31-32 अंशांवर आणावे. मिल्क चॉकलेटसाठी हा शेवटचा आकडा 29-30 असतो. सुरीचे टोक बुडवून बाजूला ठेवावे. पाचेक मिनिटांत ते चकाकत घट्ट झाले तर जमले म्हणायचे. कोको बटर साधारण 34 अंशांना वितळते, तेव्हा मे महिन्यातल्या दुपारी पंख्याखाली हा प्रयोग करणे व्यर्थ आहे. एसी तासभर आधी लावून खोली 20-22 अंशांवर आणावी.

आत काय घालावे, हा सर्वांत आनंदाचा भाग. खमंग भाजून पूर्ण निवलेले, सोललेले शेंगदाणे आणि चिमूटभर मीठ डार्क चॉकलेटमध्ये घातले की बदामाची आठवणही येत नाही. भाजलेले तीळ, चिक्कीचा जाडसर चुरा, मनुका चालतात. ताजी फळे मात्र पाणी सोडतात, म्हणून नकोत.

साचा भरल्यावर ओट्यावर हलकेच आपटावा, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात. मग तो दहा-पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावा, फ्रीझरमध्ये नव्हे. तयार चॉकलेट हवाबंद डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून ठेवावे. फ्रिजमधून काढल्यावर डबा लगेच उघडू नये. दमट हवेतले पाणी थंड चॉकलेटवर जमते, पृष्ठभागावरील साखर त्यात विरघळते आणि वाळल्यावर खरखरीत पांढरा थर उरतो. तो खायला निर्धोक असतो, फक्त पाहुण्यांपुढे ठेवायला संकोच वाटतो. आणखी एक गोष्ट: चॉकलेट शेजारच्या पदार्थाचा वास झटकन ओढून घेते, तेव्हा फ्रिजमध्ये सुक्या बोंबलाची पिशवी असेल, तर या डब्याची जागा दुसऱ्या कप्प्यात.