गुडघ्यात पाणी झालंय? या चुका टाळा

साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला चढताना गुडघे फारशी तक्रार करत नाहीत, हिशेब उतरताना चुकता होतो. हिल मॅरेथॉनच्या तयारीत मी सलग तीन दिवस यवतेश्वरचा घाट पळत उतरलो. रात्री काहीच नव्हतं. सकाळी बघतो तर वाटीच्या दोन्ही बाजूंच्या खळग्या बुजलेल्या, गुडघा पुरता वाकेना.

पहिली चूक घरातच झाली. आईनं कोमट तेलानं खसाखसा चोळलं, वर गरम पाण्याची पिशवी दिली. दुपारी गुडघा आणखी टम्म! सांध्याच्या आतलं अस्तर एरवीही वंगण तयार करतं, पण जेमतेम चमचाभर. अस्तर चिडलं की तेच जास्त पाझरतं, आणि चोळल्यावर ते आणखी चिडतं. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, एवढंच करायचं. उशी घ्यायची तर टाचेखाली. गुडघ्याखाली बरं वाटतं खरं, पण कायम तशीच ठेवली तर पाय सरळ होणं अवघड जातं.

सूज कधी आली हे न बघणं ही त्याहून मोठी चूक. पाय मुरगळून दोन-चार तासांत गुडघा फुगला तर आत बहुधा रक्त असतं. लिगामेंट (हाडांना हाड बांधणारा पट्टा) तुटल्याची किंवा हाड मोडल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी ऑर्थोपेडिक डॉक्टर गाठायचा. माझ्यासारखी दुसऱ्या दिवशी आलेली सूज बहुतेकदा दोन हाडांमधली गादी किंवा हाडाच्या टोकावरची कूर्चा दुखावल्याची असते. गुडघा लाल, गरम आणि अंगात ताप असेल तर मात्र घरगुती उपाय नकोतच. तो संसर्ग असू शकतो, रात्र काढू नका. पोटरी सुजून दुखत असेल तरीही लगेच डॉक्टर गाठा.

'एकदा पाणी काढलं की सवय लागते' हे पारावरचं शास्त्र. मूळ कारण तसंच राहिलं तर पाणी पुन्हा होतं, सुईमुळे नाही.

दुखणं थांबलं म्हणून पळायला जाऊ नका. आत पाणी असेपर्यंत मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळत नाही, उतारावर गुडघा दगा देतो. पाय लांब करून वाटीची आतली बाजू तळव्यानं खालून वर दाबा, मग बाहेरची बाजू वरून खाली. आतल्या खळगीत फुगवटा उठला तर आज घाट नाही, सपाट रस्त्यावर चालणं.