दहावीनंतर ख्रिस्ती संस्थेचे विद्यालय निवडताना काय पाहावे

दहावीचा निकाल लागला की गोव्यातील म्हापसा, फोंडा, डिचोली, मडगाव या भागांतील अनेक मराठी कुटुंबांत फादर किंवा सिस्टर चालवीत असलेल्या हायर सेकंडरीचे, म्हणजे अकरावी-बारावीच्या विद्यालयाचे, नाव हमखास निघते. चौकशी मात्र बहुधा शिस्त आणि बारावीच्या टक्केवारीपाशीच थांबते. ही टक्केवारी पुष्कळ अंशी अकरावीला किती गुणांची मुले घेतली यावर ठरत असल्याने तिच्यावरून शिकवण्याचा दर्जा फारसा कळत नाही. विद्यालय कोणत्या विचारावर उभे आहे आणि ते कसकसे वाढत गेले, याची चौकशी अधिक उपयोगाची ठरते.

सर्वप्रथम संस्था कोणाची आहे ते विचारावे. आपण सरसकट ‘चर्चची शाळा’ म्हणतो खरे, पण त्या सगळ्या एका हाताखालच्या नसतात. धर्मप्रांताच्या, म्हणजे आर्चबिशपच्या अखत्यारीतील, शाळा डायोसेसन सोसायटी ऑफ एज्युकेशन चालवते. म्हापशाचे सेंट ब्रिटो जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे, पणजीचे डॉन बॉस्को सालेशियन या दुसऱ्या धर्मसंघाचे, तर पिलारच्या संस्था तेथील मिशनरी सोसायटीच्या आहेत. जेझुइटांनी १५९९ सालीच आपल्या अध्यापनाची सविस्तर नियमावली निश्चित केली होती. प्रत्येक विद्यार्थ्याकडे व्यक्ती म्हणून लक्ष देणे आणि आहे त्याहून अधिक चांगल्याचा ध्यास धरणे, यांवर त्यांच्या परंपरेचा भर आहे. सालेशियनांची पद्धत विवेक, धर्म आणि जिव्हाळा या तीन गोष्टींवर आधारलेली आहे. मूल चुकल्यावर शिक्षा करण्यापेक्षा त्याच्या सोबत राहून चूक होऊच न देणे हे तिचे सूत्र असल्याने त्यांच्याकडे मैदानाला वर्गाइतकेच महत्त्व असते.

माहितीपुस्तिकेतील ध्येयवाक्ये बहुतेक ठिकाणी सारखीच गोड असतात, त्यामुळे ती वाचून हा विचार कितपत जिवंत आहे ते समजत नाही. त्यासाठी प्राचार्यांना नेमके प्रश्न विचारावेत: चाचणीत मागे पडलेल्या मुलासाठी पुढच्या महिन्यात काय केले जाते, फी भरणे अवघड झालेल्या कुटुंबाला सवलत मिळते का आणि ती कोण ठरवते, समुपदेशक आठवड्यातून किती वेळ उपलब्ध असतो. प्रत्यक्ष उदाहरणासह उत्तर आले तर तत्त्वज्ञान कागदाबाहेर उतरले आहे असे समजण्यास हरकत नाही.

वाढीची माहिती घेण्यासाठी रौप्य किंवा सुवर्णमहोत्सवी स्मरणिका मिळवावी. ती गौरवासाठीच लिहिलेली असते हे खरे, तरी कोणती शाखा, प्रयोगशाळा वा वसतिगृह कोणत्या वर्षी सुरू झाले हे तिच्यात सापडते, आणि त्या वर्षांमागची कारणे शोधली की संस्थेचा स्वभाव उघड होतो. जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेज १५४० च्या दशकातले असले, तरी जेझुइटांना १७५९ साली पोर्तुगीज प्रदेशांतून हाकलण्यात आल्याने आजच्या शाळांचा वंश सरळ तेथवर नेता येत नाही. गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त होण्यापूर्वी इंग्रजी हायस्कुले मुंबईच्या मॅट्रिकसाठी मुले तयार करीत, कारण पुढचे शिक्षण आणि नोकरी दोन्ही तिकडे होती. १९६१ च्या मुक्तीनंतर महाविद्यालये गोव्यातच निघाली. म्हापशाचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १९६३ चे आहे. पुढे दहा अधिक दोनचा, म्हणजे दहावीनंतर दोन वर्षांच्या शालेय शिक्षणाचा, आकृतिबंध आल्यावर अनेक हायस्कुलांना अकरावी-बारावी जोडली गेली. म्हणून विज्ञान शाखा वाढवताना प्रयोगशाळा आणि कायम शिक्षकही वाढले, की केवळ तुकड्या वाढल्या, हे अवश्य पाहावे.

धर्माविषयीचा प्रश्न संकोच न करता पहिल्याच भेटीत विचारावा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा अधिकार आहे. त्याचबरोबर सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याला, तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही, असे अनुच्छेद २८(३) सांगतो. कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास चालू असताना इतरांसाठी मूल्यशिक्षण असते का, आणि सकाळच्या प्रार्थनेचे स्वरूप काय, हे विचारणे पुरेसे आहे. प्रश्न सभ्यपणे विचारला तर फादर-सिस्टर सहसा मोकळेपणाने उत्तर देतात.

नीट किंवा जेईईची तयारी विद्यालय स्वतः करून घेते की बाहेरच्या क्लासशी करार करते, आणि त्याची फी वेगळी असते का, हे लेखी घ्यावे.

राहिला भाषेचा मुद्दा, आणि मराठी पालकांनी तो शेवटी ढकलू नये. गोवा बोर्डाच्या अकरावी-बारावीत इंग्रजीबरोबर दुसरी भाषा म्हणून मराठी, कोकणी, हिंदी, फ्रेंच, पोर्तुगीज असे पर्याय असले, तरी प्रत्येक विद्यालय ते सगळे देत नाही. मराठी यादीत दिसली तरी तेवढ्यावर समाधान न मानता यंदा ती घेणारी मुले किती, तिचा तास वेळापत्रकात कुठे बसवला आहे आणि शिक्षक पूर्णवेळ आहे की तासिका तत्त्वावर, हे प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी कार्यालयात विचारून घ्यावे.