अपघातात गाडी गेली? दुसरी बघायच्या आधी आपल्या मेकॅनिककडे जा

गाडी ठोकली गेली की पहिले चार-आठ दिवस डोकं ठिकाणावर नसतं आणि नेमकं त्याच दिवसांत आपण दुसरी गाडी शोधायला लागतो, कारण कामावर जायचंय, मुलांना सोडायचंय, रोज रोज कोणाकडे लिफ्ट मागणार. माझंही तेच झालं. मागून जोरात धडक बसली, आम्ही सगळे खरचटण्यावर निभावलो पण गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशी. तिसऱ्या दिवशी मी एक सेकंडहँड गाडी जवळजवळ पक्की केली होती, दिसायला एकदम चकाचक, आणि टोकन द्यायच्या आधी फक्त एकदा दाखवून घेऊ म्हणून आमच्या मेकॅनिककडे नेली.

त्यांनी बोनेट उघडलंच नाही. सरळ डिकी उघडली, कार्पेट उचललं, स्टेपनी बाहेर काढली आणि म्हणाले, ताई, इथे बोट फिरवून बघा. स्टेपनीच्या खड्ड्यातल्या पत्र्याला बारीक सुरकुत्या होत्या, वरून रंग मारलेला, आणि सांध्यावरचं सीलर कंपनीतल्यासारखं एकसारखं नाही तर ब्रशने फासलेलं. म्हणजे हिलाही मागून बसलेली, माझ्या गाडीसारखीच. ती गाडी मी सोडली. म्हणून सांगते, आधी मेकॅनिक आणि मग गाडी, हा क्रम बदलू नका.

सुरुवात जुन्या गाडीपासून करा. इन्शुरन्सवाले रिपेअरचा खर्च आणि गाडीची किंमत यांची तुलना करून टोटल लॉस ठरवतात, पण हो म्हणायच्या आधी तुमच्या मेकॅनिकला गाडी प्रत्यक्ष दाखवा. नवीन टायर, नवीन बॅटरी, नुकतंच केलेलं मोठं काम, याची बिलं ते तुम्हाला शोधून देतील आणि गाडीची किंमत ठरवताना ती दाखवता येतात. एखादा पार्ट काढून घ्यायचा असेल तर तसं परस्पर करू नका, गाडी इन्शुरन्स कंपनीच्या ताब्यात जाणार असेल तर आधी विचारायचं. आतलं सगळं सामान काढा, स्क्रीनवरून फोनची जोडणी आणि घरचा पत्ता डिलीट करा, आणि लहान मुलांची कार सीट असेल तर जोराच्या धडकेनंतर ती परत वापरू नका, बाहेरून कितीही धडधाकट दिसली तरी. आणि मालकीच्या कागदावरून आपलं नाव निघालं की नाही ते स्वतः तपासा, हे काम दुसऱ्यावर सोडू नका.

मग मेकॅनिककडे बसा, अर्धा तास तरी, गर्दी नसेल अशा वेळी. कोणती गाडी चांगली असं विचारू नका, त्याला काय उत्तर देणार कोणी! रोज किती चालवणार, किती माणसं बसणार, किती वर्षं ठेवायची, बजेट किती हे सांगा आणि मग विचारा की तुमच्याकडे कोणत्या गाड्या सारख्या सारख्या येतात आणि कशासाठी येतात, आणि कोणत्या फक्त ऑइल बदलायला येतात. हे ज्ञान कुठल्याही जाहिरातीत मिळत नाही. पार्ट सहज मिळतात का, काम ते स्वतः करू शकतात का की दरवेळी दुसरीकडे न्यावी लागेल, हेही विचारा.

बऱ्याचदा त्यांच्याच एखाद्या गिऱ्हाइकाला गाडी विकायची असते. माझ्या मते सगळ्यात चांगला सौदा हाच, कारण त्या गाडीचं काय केलं आणि काय टाळलं हे त्यांना माहीत असतं. फक्त गाडी मेकॅनिकची स्वतःची असेल किंवा त्यांना मधे काही मिळणार असेल तर ते उघड बोलून घ्या आणि तपासणी दुसऱ्या मेकॅनिककडून करा. चांगला माणूस याने दुखावत नाही. आणि तपासणीचे पैसे द्याच, गाडी घेतली नाही तरी द्या. त्यांचा वेळ जातो, आणि पैसे घेतलेला माणूस नको म्हणायलाही मोकळा असतो.

गाडी बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन गार असू द्या, चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर का ते विचारा. गार इंजिनवरच खरं कळतं, सुरू व्हायला किती वेळ लागतो, खडखड येते का, निळा धूर येतो का (निळा म्हणजे ऑइल जळतंय). ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा पांढरट थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी जात असू शकतं. कधीकधी थंडीत छोट्या छोट्या फेऱ्यांमुळेही तसं होतं, म्हणून लगेच निकाल लावू नका, मेकॅनिकला बघू द्या.

अपघाताच्या खुणा मात्र नीट शोधायच्या, आपण स्वतः त्यातून गेलोय म्हणून जास्तच. बोनेट आणि दारांच्या बिजागरीचे बोल्ट बघा, त्यांच्यावरचा रंग पान्याने उडाला असेल तर ते कधीतरी खोलले गेलेत. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का बघा. काचांवर तारखेची खूण असते, एकच काच बाकीच्यांपेक्षा नवीन का? सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, खाली लेबल असतं, त्यावरची तारीख गाडीच्या वर्षाशी जुळते का बघा. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. अजिबात लागलाच नाही तर कोणीतरी त्याच्याशी खेळलेलं असू शकतं, आणि ही गोष्ट जिवाशी येणारी आहे, तिथे मी तडजोड करणार नाही. चासी नंबर 17 अक्षरांचा असतो, तो गाडीवर आणि कागदावर एकेक अक्षर लावून बघा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, 2321 असेल तर 2021 सालच्या 23व्या आठवड्यातला टायर. एकाच बाजूने घासलेला टायर अलाइनमेंट (चाकांचा कोन) किंवा सस्पेन्शनबद्दल सांगतो, आणि धडक खाल्लेल्या गाडीत ते जास्त महत्त्वाचं.

स्कॅनर लावायला सांगा, पण नुसते बिघाडाचे कोड नाहीत तर रेडीनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते दाखवणारे) पण बघायला सांगा. विकणाऱ्याने आदल्या दिवशी चेक इंजिनचा दिवा पुसून टाकला असेल तर कोड दिसणार नाहीत, पण मॉनिटर अपूर्ण दिसतात. बॅटरी काढली तरी असं होतं, म्हणून मग काही दिवस चालवून स्कॅनर परत लावायला लावा. शेवटी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघायची, गंज, गळती, वेल्डिंगचे नवे डाग. ही पायरी घाईत सोडू नका, आम्ही बघितलेल्या दुसऱ्या गाडीला वरून काही नव्हतं आणि खाली चासीच्या रेलवर (सांगाड्याच्या लांब पट्टीवर) ताजं वेल्डिंग निघालं.

टेस्ट ड्राइव्हला मेकॅनिकला चालवू द्या आणि तुम्ही शेजारी बसा, रेडिओ बंद, एसी आधी बंद मग चालू. सरळ रिकाम्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं का, खड्ड्यात ठकठक येते का.

नंतर त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या, काय लगेच करायचं, काय सहा महिन्यांत आणि काय तसंच चालेल, प्रत्येकाचा अंदाजे खर्च पण. हाच कागद घेऊन भाव करायचा. बघितलेली तिसरी गाडी आम्ही अशीच घेतली, यादीत शॉकअब्सॉर्बर आणि दोन टायर होते, तेवढे पैसे कमी झाले. मेकॅनिक नको म्हणाले तर निघून या, जीव कितीही अडकला असला तरी.

गाडी घरी आली की इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट एकदा बदलून घ्या, ब्रेक ऑइल पण, ते हवेतलं पाणी शोषतं. टायमिंग बेल्ट असेल आणि कधी बदलला त्याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा, कारण बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनच जातं. आणि 1000 किलोमीटर झाले की परत त्याच मेकॅनिककडे न्या, ऑइलची पातळी, कुठे नवीन गळती आणि चाकांचे नट बघायला. आमची नेली तेव्हा ऑइल थोडं कमी झालेलं, झाकणाचं रबर कडक झालं होतं, तिथल्या तिथे बदललं.