श्वेत बटूची नाडी मोजताय? या चुका टाळा

घोडबंदर रोडवरच्या आमच्या गच्चीतून पंधराव्या प्रतीचा, म्हणजे अगदी अंधुक, तारा दिसायची आशाच नको. खाली दिव्यांचा झगमगाट, वर चार महिने ढग. म्हणून मी नासाच्या 'टेस' या ताऱ्यांचा उजेड मोजणाऱ्या उपग्रहाचा खुला डेटा उतरवून लॅपटॉपवर श्वेत बटूंची, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांची, स्पंदनं (उजेडातले नियमित चढउतार) शोधतो. चुकाही तिथेच केल्या.

सगळ्यात लाजिरवाणी चूक जी ११७-बी१५ए या ताऱ्याची. दर १२० सेकंदांना एक नोंद असलेला डेटा घेतला, स्पंदनांच्या आलेखात २७१ सेकंदांवर शिखर दिसलं आणि हुरळून गेलो. खरं स्पंदन २१५.२ सेकंदांचं आहे! दोन मिनिटांच्या नोंदींत २४० सेकंदांपेक्षा जलद काही आलं की ते आरशातल्यासारखं उलटून भलतीकडे दिसतं. १/१२० मधून १/२१५.२ वजा करा, उत्तर उलटं करा: २७१. शिवाय दोन मिनिटांच्या सरासरीत शिखराची उंचीही निम्म्याजवळ येते. असा खोटा आवर्तकाल ताऱ्याच्या अंतरंगाच्या संगणकीय प्रतिकृतीला दिला, तर हायड्रोजनच्या थराची जाडी चुकलीच म्हणून समजा. २० सेकंदांचा डेटा असेल तर तोच घ्या.

जमिनीवरच्या दुर्बिणींचा डेटा वापरलात, तर दिवसाच्या खंडांमुळे खऱ्या शिखराच्या दोन्ही बाजूंना ११.६ मायक्रोहर्ट्झवर खोटी शिखरं उगवतात. गंमत अशी, की १२ तासांत स्वतःभोवती फिरणाऱ्या बटूचं सर्वात साधं कंपनही फिरण्यामुळे तीन शिखरांत फुटतं, आणि त्यांच्यातलं अंतरही जवळपास तेवढंच! एका ठिकाणाहून पाहताना यातलं खरं कोणतं, हे सांगणं अवघड. म्हणून तर जगभरच्या दुर्बिणी आळीपाळीने एकाच ताऱ्यावर रोखायचा 'होल अर्थ टेलिस्कोप' हा उपक्रम निघाला. त्यात आपल्या नैनिताल आणि कावलूरच्या वेधशाळाही होत्या.

प्रत्येक शिखर म्हणजे नवं कंपन, असंही धरू नका. दोन वारंवारितांची बेरीज करून पाहा. तिसरी नेमकी तिथेच बसत असेल, तर ती बहुधा ताऱ्याच्या बाहेरच्या थरातली सरमिसळ असते. गाभ्यातल्या कार्बन-ऑक्सिजनबद्दल ती नवं काही सांगत नाही.

शेजारच्या ताऱ्याचा उजेड? टेसचा एक पिक्सेल २१ कोनीय सेकंदांचा, म्हणजे बराच मोठा असतो, त्यामुळे शेजाऱ्याचा उजेडही त्यात मिसळू शकतो. आधी आकाशाचा नकाशा उघडून शेजारी कोण आहे ते पाहा.