डोळ्याच्या पडद्याची शीर तुंबली असेल तर तपासणीला जाताना

बीड, धाराशिव, हिंगोलीकडून माणूस छत्रपती संभाजीनगरला किंवा नांदेडला तपासणीला निघाला की दिवस मोडतोच. त्यात क्रम चुकला तर दुसरी खेप पडते.

बाहुली मोठी करणारे थेंब पडण्याआधी प्रत्येक डोळ्याची नजर वेगवेगळी, चष्म्यासह आणि पिनहोलमधून (बारीक भोकाच्या पट्टीतून) मोजून घ्या. टॉर्चने बाहुलीही आधीच बघायला हवी. ती उजेडाला सुस्त झालीय का, बुबुळावर नव्या बारीक वाहिन्या आल्यात का, हे थेंबांनंतर नीट कळत नाही. आणि पुढे काचबिंदू उठणार का, याचा अंदाज तिथूनच येतो. थेंबांच्या बाटल्या घेऊन कुणी आलं की बिनधास्त विचारा, "आधी बाहुली बघितली का?" बीपी वाढलेलं असेल तर तेही तेव्हाच सांगा, कारण बाहुली मोठी करणाऱ्या फिनाइलेफ्रिनच्या थेंबांनी ते आणखी चढू शकतं.

ओसीटी म्हणजे प्रकाशाने पडद्याच्या थरांचं चित्र काढणारी तपासणी, त्यात सुई नाही. पडद्याच्या मध्यभागाची जाडी मायक्रॉनमध्ये येते, ती वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच मशिनवर करा. मशिन बदललं की आकडाही बदलतो.

डाय न टोचता वाहिन्या दाखवणाऱ्या ओसीटी अँजिओग्राफीत डोळा हलला की चित्रात आडव्या रेघा येतात. सूज जास्त असेल तर मशिन पडद्याचे थर चुकीचे आखतं आणि चालू केशवाहिन्याही बंद दिसतात. वाहिन्यांतून होणारी गळती तर यात दिसतच नाही.

गळती बघायला फ्लुरेसिन नावाचा डाय टोचून फोटो काढावे लागतात. डाय 10 टक्क्यांचा असेल तर साधारण 5 मिली, हाताच्या शिरेत. 10-15 सेकंदांत डाय पडद्यात पोचतो, फोटो दहाएक मिनिटं चालतात. दमा, ॲलर्जी, गरोदरपण आधी सांगा. मिनिटभरात मळमळलं तर लांब श्वास घ्या, बहुधा लगेच ओसरतं. हातात आग झाली तर डाय शिरेबाहेर गेलाय, तत्काळ ओरडून सांगा. अंगावर खाज, गांधी किंवा घशात आवळल्यासारखं झालं तरी तसंच. लघवी दिवसभर गर्द पिवळी होते, घाबरू नका. पडद्यावर रक्त दाट असेल तर ही तपासणी काही आठवडे पुढे ढकलणंच बरं, कारण फोटोत रक्तही काळं दिसतं आणि बंद वाहिन्यांचा भागही काळाच.

डोळ्यात दिलेल्या इंजेक्शनांनी पडद्याची सूज उतरूनही नजर सुधारत नसेल, तर मध्यभागच्या केशवाहिन्या बंद आहेत का, ते स्पष्ट विचारा.

घरी जाताना गॉगल लावा, गाडी दुसऱ्याला चालवू द्या. पुढच्या काही महिन्यांत डोळा लाल होऊन ठणकला तर त्याच दिवशी दाखवा.